कोण म्हणालं?

नगरपालिकेच्या सभेची बातमी हातात आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि पान तीनवर एकाच कॉलमाची जागा उरली होती. एका जिल्हा दैनिकात मी तेव्हा उपसंपादक होते, रात्रपाळीला. विरोधी बाजूच्या एका सदस्यानं भर सभेत आरोप केला होता, की पाणीयोजनेच्या पाइप खरेदीत सत्ताधारी गटातल्या एका नगरसेवकानं पैसे खाल्ले. वार्ताहरानं कॉपी चोख लिहिली होती. ‘असा आरोप केला’ हे शब्द पहिल्याच वाक्यात होते. मी मथळा दिला, ‘पाइप खरेदीत नगरसेवकाने पैसे खाल्ल्याचा आरोप’. तो चार ओळी घेत होता आणि जागा तीनच ओळींची होती. खाली डाक आवृत्तीची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. मी शेवटचा शब्द उडवला आणि ‘खाल्ल्याचा’चं ‘खाल्ले’ केलं. मथळा तीन ओळींत बसला. पान सुटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या नगरसेवकाचे वडील कचेरीत आले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, धोतर, डोक्यावर पांढरी टोपी, हातात घडी केलेला अंक. त्यांनी आवाज चढवला नाही. अंक माझ्या टेबलावर पसरला, मथळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “ताई, हे कोण म्हणालं?”

मी बातमीतलं पहिलं वाक्य दाखवलं. ते म्हणाले, “ते मी वाचलंय. तो विरोधी मेंबर म्हणाला. पण हे मोठ्या अक्षरातलं कोण म्हणालं?”

मला उत्तर देता आलं नाही, कारण ते मोठ्या अक्षरातलं मीच म्हटलं होतं. पाइप मी पाहिले नव्हते, बिलं पाहिली नव्हती, त्या माणसाला साधा फोनही केला नव्हता. तरी गावातल्या चहाच्या प्रत्येक टपरीवर माझा निकाल त्या दिवशी वाचला गेला. दोन दिवसांनी पान पाचवर आम्ही चार ओळींचा खुलासा छापला. तो किती जणांनी पाहिला असेल, याचा अंदाज मला तेव्हाही होता.

१९८८ ते २०२० अशी बत्तीस वर्षं मी बातम्यांच्या टेबलावर काढली. वर्तमानपत्रं पक्षपाती का असतात, बातमीवर विश्वास ठेवायचा कसा, असं लोक मला अजून विचारतात. त्यांच्या मनात एक चित्र असतं: मालकाचा फोन येतो, संपादक खोटं लिहायला सांगतो, वार्ताहर लिहितो. असं होत नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्या टेबलावरून गेलेल्या हजारो बातम्यांत धडधडीत खोटी बातमी क्वचित होती. ‘म्हणाले’, ‘यांच्या मते’, ‘असा आरोप’ हे शब्द गळून पडलेल्या बातम्या मात्र रोज होत्या. बातमी कापायची वेळ आली की पहिली कात्री यांच्यावरच चालते. हे शब्द रुक्ष असतात, जागा घेतात, मथळ्याची धार घालवतात. पूर्वग्रह आत येतो तो त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेतून.

राजकीय बातमीत हे विशेष का होतं, तेही समजून घ्यायला हवं. एसटीच्या अपघातात किती माणसं दगावली, हे रुग्णालयात जाऊन मोजता येतं. राजकीय बातमीत घडलेल्यापेक्षा बोललेलं जास्त असतं. आमदार फुटणार का, निधी कुणी अडवला, मोर्चाला किती लोक आले, हे सगळं कुणीतरी आपल्याला सांगितलेलं असतं, आणि सांगणाऱ्याचा त्यात काहीतरी हिशेब असतो. मोर्चाचा आकडा आयोजक एक सांगतात, पोलीस दुसराच सांगतात. दोन्ही आकडे नावानिशी छापले तर वाचक स्वतः अंदाज बांधतो. एकच छापला आणि कुणाचा ते सांगितलं नाही, तर वाचकाच्या वतीनं आपण बाजू निवडलेली असते.

मराठी पत्रकारितेला हा धडा फार लवकर मिळाला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वृत्तपत्रं जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्ता त्या काळात पुण्यात पोचत होत्या. संस्थानचे दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांचा त्यात हात आहे असं दाखवणारी पत्रं टिळक-आगरकरांच्या समोर आली. दोन्ही वृत्तपत्रांनी त्यांच्या आधारावर लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि ती पत्रं बनावट असल्याचं उघड झालं. संपादकांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तक लिहिलं.

आपण हा प्रसंग दोन थोर माणसांचा पहिला तुरुंगवास म्हणून ऐकत आलो. रात्रपाळीच्या टेबलावर बसलं की तो वेगळा दिसतो. छत्रपतींबद्दलची त्यांची काळजी खरी होती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला नजरकैदेत असताना, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्या तरुण राजाचा मृत्यू झाला. संपादकांचा हेतू स्वच्छ होता, बाजू अन्याय सोसणाऱ्याची होती, आणि तरीही पुरावा खोटा होता. मला वाटतं, बाजू बरोबर होती म्हणूनच पुरावा खरा वाटला. जे आपल्याला आधीच पटलेलं असतं, त्याचा कागद हातात आला की तो उजेडात धरून पाहायचं राहून जातं. पूर्वग्रह म्हणजे दुष्टपणा, असं आपण समजतो. मी पाहिलेला पूर्वग्रह बहुतेक वेळा चांगल्या माणसाच्या कळकळीत राहत होता.

आज तशी पत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. लेटरहेड असतं, सही असते, गोल शिक्का असतो. मी नव्या मुलांना एकच सांगत असे: पत्र ज्याच्या नावाचं आहे त्याला फोन लावा, आणि ज्याच्या विरुद्ध आहे त्यालाही लावा. उत्तर मिळालं नाही तर तसं लिहा. ‘प्रतिक्रियेसाठी संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य खरोखर संपर्क केल्यावरच लिहायचं असतं.

आता क्रियापदांकडे येते. ‘स्पष्ट केले’ म्हटलं की बोलणारा खरा ठरतो. ‘दावा केला’ म्हटलं की तो संशयाखाली येतो. ‘कबुली दिली’ म्हटलं की आधी काहीतरी लपवलं होतं, हे वाचक न सांगता धरून चालतो. एकाच पानावर एका पक्षाचा नेता स्पष्ट करत असेल आणि दुसऱ्या पक्षाचा नेता दावा करत असेल, तर त्या वृत्तपत्राचा कल ओळखायला अग्रलेख वाचावा लागत नाही. मथळ्यांसाठी तर आम्ही वेगळी भाषाच तयार करून ठेवली आहे: हल्लाबोल, घणाघात, टोला, चपराक, दणका. ‘न्यायालयाची सरकारला चपराक’ हा मथळा घ्या आणि खालची बातमी सावकाश वाचा. कितीतरी वेळा न्यायालयानं फक्त नोटीस काढलेली असते, म्हणणं मांडायला मुदत दिलेली असते. निकाल लागायचा असतो, पण मथळ्यानं तो लावलेला असतो.

आपल्या भाषेत आणखी एक जागा आहे. मराठीत आदर क्रियापदातून दिसतो. मंत्री ‘आले’, आमदार ‘म्हणाले’. मोर्चातली शेतमजूर बाई मात्र ‘म्हणाली’. गुन्हा दाखल झालेले पुढारी ‘ते’च राहतात आणि तसल्याच गुन्ह्यात पकडलेला वस्तीतला पोरगा ‘तो’ होतो. आरोप दोघांवरही सिद्ध झालेला नसतो. एकदा मी आमच्याच दैनिकाचे आठवडाभराचे अंक घेऊन लाल पेननं या खुणा केल्या. कुणाला ‘ते’ मिळालं आणि कुणाला ‘तो’, यावरून आमचं पान माणसांच्या पायऱ्या कशा लावतं, हे त्या लाल खुणांत उघडं पडलं होतं. कुणीही ते ठरवून केलं नव्हतं. हाताला तशी सवय होती. त्यानंतर आमच्या टेबलावर बोलणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला ‘म्हणाले’ किंवा ‘म्हणाल्या’ लिहायचं, असा नियम आम्ही केला आणि शक्य तितका पाळला.

शब्द कधी कधी अख्खी घटना बदलतात. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. त्याला ‘दंगल’ म्हणण्याचा प्रघात पडला. दंगल म्हटलं की दोन जमाव समोरासमोर डोळ्यांपुढे येतात. हल्ला म्हटलं की विचारावं लागतं, कुणी केला आणि कुणावर. त्या एका शब्दाखाली हा प्रश्न दबून राहिला. विद्यापीठाच्या नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

‘म्हणाले’ या शब्दाचं मोल मला सगळ्यात जास्त कळलं ते २२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री. राज्यात राष्ट्रपती राजवट होती. मुंबईत तीन पक्षांची बैठक झाली आणि नेतृत्वासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवारांनी पत्रकारांना सांगितलं. आमच्या टेबलावर दोन मथळे होते. एक खणखणीत: ‘उद्धव ठाकरे मुख्यमंत्री’. दुसरा लांबट: ‘ठाकरेंच्या नावावर एकमत : शरद पवार’. मी दुसरा घेतला. शेजारचा तरुण सहकारी नाराज झाला. सगळे पहिला लावतील आणि आपण मागे पडू, असं त्याचं म्हणणं होतं, आणि स्पर्धेचा विचार केला तर ते चुकीचं नव्हतं.

पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली. सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्या वेळी घराघरांत आदल्या रात्री छापलेले अंक उघडले जात होते. ज्या अंकात ‘पवार म्हणाले’ एवढं राखलं होतं, त्याची बातमी सकाळी आठलाही खरी होती, कारण पवार तसं म्हणालेच होते. ज्या अंकात ते गळालं होतं, त्याची बातमी दारात पडेपर्यंत चुकलेली होती. पुढे २६ तारखेला फडणवीसांनी राजीनामा दिला आणि २८ तारखेला ठाकरे यांची शपथ झाली. तरी २३ तारखेचा ‘मुख्यमंत्री’ हा मथळा त्यामुळे बरोबर ठरत नाही. बातमीनं त्या रात्री माहीत होतं तेवढंच सांगायचं असतं.

आकड्यांनाही हाच प्रश्न विचारायला हवा. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दाखवल्या. ४ जूनला निकाल लागला तेव्हा त्या २९३ होत्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. चाचणी चुकू शकते. तो अंदाजच असतो. पण त्या तीन दिवसांत पडद्यावरचे आकडे निकालासारखे वाचले गेले. किती लोकांना विचारलं, कुठे, कसं, हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत गेलं.

न छापलेल्या बातमीत पूर्वग्रह शोधणं सगळ्यात अवघड. जे पानावर नाही त्यावर बोट ठेवता येत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं ते याच कारणासाठी. त्या काळची वृत्तपत्रं विशिष्ट जातींचं हित पाहतात आणि इतरांची दखलही घेत नाहीत, हे त्यांचं म्हणणं होतं. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’नं छापली नाही, असं त्यांनी नमूद केलं आहे. एका वृत्तपत्राचं मौन मोडायला दुसरं वृत्तपत्र काढावं लागलं.

पैसे देऊन छापलेली बातमी हा याच्या उलटा प्रकार. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात ‘पॅकेज’ हा शब्द रुळला. एवढे पैसे दिले तर उमेदवाराची प्रचारफेरी, मुलाखत आणि कौतुक बातमी म्हणून येणार. न देणाऱ्याचं नावही येणार नाही. ‘द हिंदू’त पी. साईनाथ यांनी हे लावून धरलं. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयीचा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दशः सारखा कसा आला, हे त्यांनी दाखवलं. चव्हाण यांनी पैसे दिल्याचा आरोप नाकारला. निवडणूक खर्चावरून निवडणूक आयोगानं २०१४ मध्ये त्यांना काढलेली नोटीस त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली. या प्रकरणाचा हा दुसरा भाग लिहिल्याशिवाय पहिला लिहू नये, असं मला वाटतं. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीनं २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला, पण तो आधी आखडून प्रसिद्ध झाला. मूळ अहवाल २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर खुला झाला. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना असा खर्च न दाखवल्याबद्दल निवडणूक आयोगानं तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. आता निवडणुकीच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती बसते. तिथेही शेवटी हाच प्रश्न असतो: हा मजकूर वार्ताहराचा की उमेदवाराचा? हे कोण म्हणालं?

मग चूक ठरवायची कुणी? १९७८ च्या कायद्याखालची प्रेस कौन्सिल वृत्तपत्रांना ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. दूरचित्रवाणी तिच्या कक्षेत येत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञानाचे नियम बदलले. आपल्या कारभाराविषयी इंटरनेटवरचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षानं ठरवावं, अशी ती तरतूद होती. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तिसऱ्या न्यायमूर्तींनी सप्टेंबरमध्ये नियम घटनाबाह्य ठरवल्यावर तो रद्द झाला. मला तो निर्णय योग्य वाटतो. बातमी ज्याच्याविषयी आहे, त्यालाच ती खरी की खोटी हे ठरवू दिलं, तर विचारणारं कुणी उरत नाही.

म्हणून हे काम पुन्हा दोघांकडेच येतं, टेबलावरच्या माणसाकडे आणि वाचकाकडे. मनानं पूर्ण निष्पक्ष असलेला पत्रकार मला बत्तीस वर्षांत भेटला नाही, आणि मीही तशी नव्हते. मला मत होतं, मी दर निवडणुकीला मतदान केलं, काही पुढारी मला आवडत आणि काही अजिबात आवडत नसत. पण कॉपी निष्पक्ष लावता येते. ते हातानं करायचं काम आहे, तांदळातला खडा काढावा तसं, एकेका शब्दाला बोट लावून. आवडत्या पुढाऱ्याला जो प्रश्न विचारला, तोच नावडत्याला. आरोप ज्या पानावर छापला, खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत. वाचकानं मथळा पुढे पाठवण्याआधी खालच्या दोन परिच्छेदांत ‘म्हणाले’ शोधावं. ते सापडलं नाही, किंवा त्याच्याऐवजी ‘सूत्रांकडून समजते’ एवढंच असेल, तर थांबावं. एका दिवसानं काही बिघडत नाही.

त्या नगरसेवकानं पैसे खाल्ले होते की नव्हते, हे मला आजही माहीत नाही. चौकशी नेमल्याची बातमी आम्ही छापली होती. तिचं पुढे काय झालं, हे विचारायला आमच्याकडून कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. मथळ्याइतकीच ती माझी चूक आहे, आणि मला ती कळायला जास्त वर्षं लागली.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या महिन्यात एका रात्री लवकर काम आटोपलं. मी कोरा कागद घेतला, एका कॉलमाची रुंदी आखली आणि तो मथळा पुन्हा लिहायला बसले. ‘पाइप खरेदीवरून’ पहिली ओळ, ‘पालिकेच्या सभेत’ दुसरी, ‘आरोप’ तिसरी. बरोबर तीन ओळी. घड्याळात पाहिलं, दोन मिनिटंही लागली नव्हती.